'ओ' रक्त सगळ्यांना चालतं? नाही चालत

'ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं' हे आपण शाळेपासून ऐकतोय, आणि इमर्जन्सीत डॉक्टर ते वापरतातही, पण 'कुणालाही' हा शब्द चुकीचाय.

रक्तगट म्हणजे मुळात साखरेचा मामला. चहातली साखर नव्हे हां, लाल पेशीवर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात त्या. ओ वाल्यांच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर असते, अशा टोकाला एच म्हणतात, त्यावर अजून एक साखर चिकटली की ए किंवा बी. म्हणजे ओ म्हणजे 'काहीच नाही' असं नाही, एच असतोच की!

आता काही लोकांत हा एचच नसतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे पेशंट शोधले, म्हणून नाव बॉम्बे ब्लड ग्रुप. भारतात साधारण १० हजारांत एक. स्लाइडवर थेंब घेऊन अँटी-ए, अँटी-बी (म्हणजे ए आणि बी ला पकडणारी प्रतिपिंडं) टाकलं तर गुठळ्या होत नाहीत, की कार्डावर लिहिलं 'ओ', झालं. पण त्यांच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पाण्यात) ओ च्या पेशी मिसळल्या की लगेच गुठळ्या, कारण अंगात अँटी-एच, म्हणजे एच ला पकडणारं प्रतिपिंड, तयारच असतं. असं रक्त चढवलं तर जीवावर बेततं, त्यांना बॉम्बे ग्रुपचंच लागतं.

आणि ह्या साखरा आजारातही लुडबुड करतात: ओ वाल्यांना फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा घातक प्रकार) सहसा कमी गंभीर होतो, कॉलरा मात्र जास्त.