आजीची पैठणी डीव्हीडीवर पुसट का दिसली?

आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन पंचवटीतल्या एका कार्यालयात झालं, शूटिंग मी आणि मामेभावाने मिळून केलं, माझ्याकडे फुल एचडी कॅमेरा आणि त्याच्याकडे मोबाईल. आजी येवल्याची पैठणी नेसली होती, पदरावर मोर. घरी एडिटिंग करताना कॉम्प्युटरवर मोराच्या मानेवरची जरीची तार न् तार दिसत होती. मग डीव्हीडी मारली, हॉलमधल्या टीव्हीवर लावली, तर मोराच्या जागी हिरवट सोनेरी डाग, आणि आजी जरा वळली की काठावर फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा. घरात सगळ्यांचं एकच, डिस्क स्वस्तातली आणली असणार. मलाही तेच वाटलं म्हणून चांगली महागाची डिस्क आणली, अगदी कमी स्पीडला राईट केली, तरी चित्र जसंच्या तसं.

कारण लेझरला चित्र वगैरे काही कळत नाही. तो डिस्कमधल्या रंगाच्या थरावर खुणा उमटवतो आणि प्लेअर त्या शून्य आणि एक म्हणून वाचतो. थोड्याफार खुणा बिघडल्या तरी रीड-सॉलोमन नावाच्या गणिताने त्या दुरुस्त होतात, आणि दुरुस्तीपलीकडे गेल्या तर चित्र अडकतं, चौकोन चौकोन होतात, किंवा डिस्क लागतच नाही. पण खराब डिस्कमुळे चित्र पुसट कधीच होत नाही. पुसट दिसतंय म्हणजे बर्निंगच्या आधी तयार झालेली फाईलच पुसट आहे, हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की अर्धा शोध संपला.

आता त्या फाईलचं काय होतं बघा. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार ठिपके. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम), तिची फ्रेम ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. भागून बघा, बरोबर ५ पट फरक येतो. म्हणजे पाच ठिपक्यांमधले चार आपण स्वतःच्या हाताने सोडून देतो, आणि पैठणीच्या जरीसारखी बारीक नक्षी नेमकी त्या चारांत असते. डीव्हीडी-व्हिडिओ ही १९९६ साली आलेली पद्धत आहे, तिच्यात एचडी बसतच नाही, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. आपल्या हातात एवढंच आहे की उरलेला पाचवा हिस्सा तरी स्वच्छ राहावा.

त्या फणीच्या रेघांचं कारण वेगळं होतं. माझा कॅमेरा इंटरलेस्ड रेकॉर्ड करायचा, म्हणजे एका फ्रेममधल्या सम रेघा एका क्षणाच्या आणि विषम रेघा सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरच्या. माणूस स्थिर असेल तर काही कळत नाही, पण आजी हलली की दोन क्षण एकमेकांत गुंततात. असं चित्र तसंच्या तसं १०८० रेघांवरून ५७६ वर दाबलं की दोन्ही क्षणांच्या रेघा कायमच्या कालवल्या जातात आणि मग सोडवता येत नाहीत. म्हणून आधी नीट डी-इंटरलेस करायचं, म्हणजे दोन क्षणांच्या रेघा वेगळ्या करून पूर्ण फ्रेम बनवायच्या, आणि मगच लहान करायचं, हा क्रम चुकवायचा नाही. त्यात मामेभावाचा मोबाईल ३० फ्रेमवाला आणि आमची एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची, त्यामुळे त्याच्या प्रत्येक सहा फ्रेममधली एक गळत होती, म्हणून आजोबांची चाल त्या शॉटमध्ये अडखळल्यासारखी दिसत होती. सगळंच शूटिंग मोबाईलचं असेल तर सरळ एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्हीची पद्धत) डिस्क करा, तिथे सेकंदाला जवळपास ३० फ्रेमच असतात आणि आपल्याकडचे बरेचसे प्लेअर ती आरामात चालवतात.

मग बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला किती बिट द्यायचे ते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. काहीही न दाबता फुल एचडी चित्र ठेवायचं म्हटलं तर सेकंदाला साधारण ६२२ मेगाबिट लागतात, म्हणजे ४.७ जीबीच्या अख्ख्या डीव्हीडीत जेमतेम एक मिनिट. त्यामुळे दाबणं तर आलंच, आणि दाबताना एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) मागच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा लिहीत नाही. मामा माईकसमोर उभे राहून बोलतायत तिथे फारसं काही लिहायला लागत नाही. पण आजीवर फुलं उधळली, बाहेर ढोल सुरू झाले, तिथे प्रत्येक फ्रेम नवी. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, पोरं उड्या मारतात ते कोणी शूट केलं असेल तर त्याला माहिती असेल, रंगीत पाण्याचा तो फवारा म्हणजे एन्कोडरची खरी परीक्षा, बिट कमी पडले की पाण्याचे चौकोनी ठोकळे होतात.

म्हणून आधी हिशोब करा. आमचा कार्यक्रम एडिट होऊन १ तास ५० मिनिटांचा झाला, म्हणजे ६६०० सेकंद. ४.७ जीबी म्हणजे ३७६० कोटी बिट, भागिले ६६००, आले सेकंदाला ५.७ मेगाबिट. त्यातून थोडी जागा मोकळी सोडायची आणि आवाज वजा करायचा. आवाज न दाबता, म्हणजे पीसीएम स्वरूपात, ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो, म्हणजे चित्राचा पाव हिस्सा गेला, त्याऐवजी एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात १९२ किलोबिटला ठेवला तर भाषणं आणि सनई दोन्ही ऐकायला छान राहतात. चित्राला उरले ५.२ च्या आसपास, आणि ते टू-पास व्हीबीआरने (दोन फेऱ्यांत, गरजेप्रमाणे कमी-जास्त बिट देऊन) वाटायचे, एन्कोडर पहिल्या फेरीत सगळं नुसतं बघतो आणि दुसऱ्या फेरीत मामांच्या भाषणातले वाचवलेले बिट फुलांच्या शॉटला देतो. वेळ जवळपास दुप्पट लागतो पण लावाच. कार्यक्रम तासाभराचा असेल तर मात्र डोकं लावायची गरज नाही, ८ मेगाबिट ठेवा, डीव्हीडीत चित्राची मर्यादाच ९.८ आहे.

माझी अजून एक चूक म्हणजे मी एडिटिंग सॉफ्टवेअरमधून आधी एमपी४ काढली, ती डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरला दिली, त्याने परत डीव्हीडीला लागणारं एमपेग-२ केलं. म्हणजे कॅमेऱ्याने एकदा दाबलेलं चित्र मी अजून दोनदा दाबलं, आणि दर वेळी पहिल्या दाबण्यातले डागसुद्धा दुसरा एन्कोडर नक्षी समजून जपत बसतो, त्यात बिट वाया जातात. आता मी टाइमलाइनवरून प्रोरेससारख्या, चित्र फारसं न दाबणाऱ्या जड फॉरमॅटमध्ये मास्टर म्हणजे मूळ प्रत काढतो, फाईल भलीमोठी होते, होऊ दे, आणि त्यावरून शेवटचं एन्कोडिंग एकदाच.

खरं एचडीच हवं असेल तर ब्लू-रे. तिचा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०, लहरलांबी कमी म्हणून खुणा बारीक, म्हणून तेवढ्याच आकाराच्या चकतीत २५ जीबी. आमचाच कार्यक्रम तिच्यावर सेकंदाला ३० मेगाबिटपर्यंत बसतो, म्हणजे पदराला धक्का नाही. ब्लू-रे प्लेअर आहे पण कोऱ्या ब्लू-रे डिस्क मिळत नसतील तर साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी डिस्क करता येते, सोनी आणि पॅनासोनिकने २००६ साली आणलेली पद्धत, १६ मेगाबिटला साधारण ३९ मिनिटं मावतात, फक्त साध्या डीव्हीडी प्लेअरवर ती लागणार नाही. आणि टीव्हीला यूएसबी असेल तर एमपी४ सरळ पेनड्राइव्हवर टाका, पण पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल त्यात जात नाही, तेवढं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या आणि टीव्ही ते वाचतो का ते आधी बघा.

आजीच्या बहिणीकडे अजून जुना डीव्हीडी प्लेअरच आहे, म्हणून तिच्यासाठी मास्टरवरून नवी डीव्हीडी केली. मोर अजूनही थोडे मऊ दिसतात पण मोर आहेत हे कळतं, आणि काठावरच्या रेघा गेल्या. नाव मी सीडी मार्करने मधल्या पारदर्शक गोलावर लिहिलं, वर चिकटवायचे कागदी लेबल लावत नाही कारण डिस्क फिरताना तोल जातो. मास्टर दोन हार्ड डिस्कवर ठेवलाय, एक माझ्याकडे आणि एक नाशिकरोडला मामांकडे.