यातलं छप्पर कुठलं?

एक साधं दुपाखी घर डोळ्यांसमोर आणा. लांबी १० मीटर, रुंदी ८ मीटर, भिंती ६ मीटर उंच आणि आढं जमिनीपासून ९ मीटरवर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे घर उभं करायला सात सपाट पृष्ठभाग पुरतात : एक तळ, चार भिंती आणि छपराच्या दोन उतरत्या बाजू. पण त्याच कॉम्प्युटरला विचारलं, की यातलं छप्पर कुठलं, तर त्याला सांगता येत नाही. त्याच्या लेखी ते नुसते सात बहुकोन असतात.

शहराच्या बहुतेक त्रिमितीय चित्रांची हीच गत असते. दिसायला देखणी, पण विचारलेल्या प्रश्नाला मुकी. म्हणून 'अर्थासह' मॉडेल लागतं. त्यात प्रत्येक पृष्ठभागावर तो छप्पर आहे, भिंत आहे की तळ, याची नोंद असते. तो कुठल्या इमारतीचा, ती कधी बांधली, कशासाठी वापरतात, हेही त्याला जोडलेलं असतं. अशा नोंदींची सामायिक भाषा म्हणजे 'सिटीजीएमएल'. जर्मनीत सुरू झालेल्या कामातून ती घडली आणि २००८ साली 'ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम' या संस्थेने तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता दिली. किती तपशील दाखवायचा याच्या पायऱ्याही तिने ठरवून दिल्या : आधी नुसता ठोकळा, मग छपराचा आकार, मग दारं-खिडक्या. हाच मजकूर आटोपशीर लिहिणारी 'सिटीजेसन' ही पद्धत नंतर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात तयार झाली. तिच्या फायली साधारण सहापट लहान असतात.

पण भाषा ठरली म्हणजे माहिती शुद्ध झाली असं नाही. खरं काम इथून पुढे आहे आणि ते करणारी सॉफ्टवेअरं फारशी कुणाला माहीत नसतात. 'सिटीजीएमएल४जे' ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोडचा संच, या फायली वाचते-लिहिते. 'थ्रीडीसिटीडीबी' अख्खं शहर डेटाबेसमध्ये मांडून ठेवते. 'व्हॅल३डिटी' तपासनीस आहे, आणि मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच प्रकारच्या कामाबद्दल. ते किती मोलाचं आहे, हे आपल्या घरावरच पाहता येईल.

घराचं घनफळ काढायचं आहे. खालचा चौकोनी भाग ४८० घनमीटर, वरचा त्रिकोणी १२०, एकूण ६००. पण वेड्यावाकड्या इमारतींसाठी सगळीकडे चालेल अशी युक्ती हवी. जमिनीवरचा एक कोपरा धरायचा, त्याला टोक मानून प्रत्येक पृष्ठभागावर एक पिरॅमिड उभा करायचा आणि सगळ्या पिरॅमिडांच्या घनफळांची बेरीज घ्यायची. पृष्ठभागाची बाहेरची बाजू कोणती, यावरून मिळवायचं की वजा करायचं ते ठरतं. ही बाहेरची बाजू कॉम्प्युटर ओळखतो ती कोपऱ्यांच्या क्रमावरून : बाहेरून पाहिल्यावर ते घड्याळाच्या उलट दिशेने यायला हवेत. आता छपराच्या फक्त एका बाजूचे, आपण धरलेल्या कोपऱ्यापासून दूरच्या बाजूचे, कोपरे उलट क्रमाने लिहिले गेले असं समजा. पडद्यावर घर बहुधा जसंच्या तसं दिसेल. घनफळ मात्र ६०० ऐवजी २८० येईल. घर तापवायला किती ऊर्जा लागेल, याचा हिशेब याच घनफळावर बेततात. अशी घरं शहरात हजारोंनी असतील, तर आराखडाच चुकला. कुठे भिंतीत फट राहिलेली असते, कुठे एकाच पृष्ठभागाचे कोपरे एका पातळीत नसतात. हे डोळ्यांनी सापडत नाही, तपासनीसच लागतो.

तपासणी झाली की संस्कार. पृष्ठभागांवर नावं नसतील तर ती देता येतात. प्रत्येक पृष्ठभागातून बाहेरच्या बाजूला एक काटकोनी बाण काढायचा. बाण वरच्या अंगाला असेल तर छप्पर, आडवा असेल तर भिंत, खाली असेल तर तळ. इतका साधा नियम, आणि मुका ठोकळा बोलू लागतो! (अर्थात बाहेर आलेल्या गॅलरीची खालची बाजू तळ नव्हे, म्हणून नियमाला पुरवण्या जोडाव्या लागतात.) छप्पर ओळखलं की त्याचा उतार निघतो. आपल्या घरात ३ मीटर चढ, ४ मीटर आडवं अंतर, म्हणून उतरती लांबी ५ मीटर. छपराची प्रत्येक बाजू ५० चौरस मीटर, उतार जवळजवळ ३७ अंश. त्यात दिशा मिळवली की सौर पॅनेलचा अंदाज बांधता येतो.

शेजारी घर आलं की मात्र प्रकरण अवघड होतं. दोन घरं खेटून असतील, तर मधल्या भिंतीतून उष्णता बाहेरच्या हवेत जात नाही, त्यामुळे ती भिंत बाहेरच्या भिंतींतून वगळावी लागते. मॉडेलमध्ये मात्र दोन्ही घरं वेगवेगळी काढलेली असतात आणि त्यांच्या भिंतींमध्ये मोजणीतल्या चुकीमुळे दोन-चार सेंटिमीटरांची फट असू शकते. किती अंतरापर्यंतच्या भिंती 'एकच' धरायच्या? मर्यादा फार लहान ठेवली तर खऱ्या सामायिक भिंती सुटतात, फार मोठी ठेवली तर दोन घरांमधली अरुंद बोळही बुजते. हा आकडा कुणीतरी माणूसच ठरवतो. तो त्या भिंतीच्या नोंदीतच लिहिलेला असावा, असा माझा आग्रह आहे. भिंत प्रत्यक्ष मोजून सामायिक ठरली, की नुसतं सॉफ्टवेअरने तसं मानलं, हे पुढे हिशेब करणाऱ्याला तिथेच दिसायला हवं.