सॉल्सबरी हिल (पीटर गॅब्रिएलचं पहिलं सोलो सिंगल)

सॉल्सबरी हिल हे इंग्लंडचा रॉक गायक पीटर गॅब्रिएल याचं जेनेसिस बँड सोडल्यानंतरचं पहिलं सोलो सिंगल, म्हणजे एकट्याच्या नावावर सुटं काढलेलं गाणं, १९७७ साली आलेलं. ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, १३ नंबरपर्यंत गेलं, अमेरिकेत ६८ वर अडकलं, म्हणजे आकड्यांच्या हिशोबात बरं म्हणावं इतपतच. पण बँड सोडलेल्या गायकाने पहिलं गाणं कसं करावं असा विषय निघाला की हे नाव निघतंच, आणि नाशिकमध्ये कॉलेजच्या गॅदरिंगसाठी कुणी हे बसवायला घेतलं की गिटारवाला आणि तबलेवाला यांची मात्रांवरून जुंपते, त्याबद्दल पुढे आहे.

आधी मागची भानगड. जेनेसिस म्हणजे चार्टरहाऊस या बोर्डिंग शाळेतल्या पोरांनी १९६७ च्या आसपास जमवलेला बँड. गॅब्रिएल त्याचा गायक आणि स्टेजवरचा चेहरा, चेहरा म्हणण्यापेक्षा मुखवटाच, कारण १९७२ मध्ये डब्लिनच्या एका शोमध्ये हा पठ्ठ्या बायकोचा लाल ड्रेस आणि कोल्ह्याचं डोकं घालून स्टेजवर आला आणि बाकीच्यांना त्याची आधी कल्पनाच नव्हती. पेपरवाल्यांना फोटो मिळाले, बँडचं नाव झालं, पण गाणी सगळ्यांनी मिळून करायची आणि छापून एकट्याचं तोंड यायचं, हे इतरांना खुपायला लागलं. १९७४ मध्ये द लॅम्ब लाइज डाऊन ऑन ब्रॉडवे या डबल अल्बमचं काम चालू असताना गॅब्रिएलच्या पहिल्या मुलीचा जन्म झाला, बाळाची तब्येत नाजूक, हा हॉस्पिटल आणि रेकॉर्डिंग अशा खेपा मारतोय आणि बँडमधल्यांना वाटतंय हा कामात लक्ष देत नाही. त्यात हॉलिवूडचा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याने त्याला सिनेमाच्या कामासाठी विचारलं, तिथेही ठिणगी पडली. शेवटी दौरा चालू असतानाच त्याने सांगून टाकलं की मी निघतोय, पण दौरा पुरा केला, मे १९७५ पर्यंत सगळे शो वाजवले आणि ऑगस्टमध्ये पेपरांना स्वतः पत्र लिहून कारणं दिली. मला विचाराल तर सोडून जाण्याची ही रीत त्या गाण्याइतकीच ऐकण्यासारखी आहे, कारण रॉकमध्ये बहुतेक जण दार आपटून जातात.

गायक गेला म्हणजे बँड बसला असं सगळ्यांनी धरलं होतं. झालं उलटंच. नवीन गायक शोधून दमल्यावर ड्रमर फिल कॉलिन्सच गायला लागला आणि १९७६ चा त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये ३ नंबरवर गेला. म्हणजे गॅब्रिएलवर प्रेशर आता दुप्पट.

त्याने मग निर्माता घेतला बॉब एझरिन, जो अॅलिस कूपरसोबतच्या कामाने गाजलेला होता, आणि रेकॉर्डिंग केलं कॅनडात टोरांटोला. बेसवर टोनी लेव्हिन, सिंथेसायझरवर लॅरी फास्ट, आणि सुरुवातीला जी अकूस्टिक गिटार झुळझुळत येते ती स्टीव्ह हंटरची. बासरी गॅब्रिएलने स्वतः वाजवलीय. जेनेसिसचं एखादं गाणं वीस मिनिटांच्या वरही जायचं, इथे साडेचार मिनिटांच्या आत काम तमाम, मुखवटा नाही, राक्षस नाही, राजाराणीची गोष्ट नाही.

आता मात्रांचं. गाणं जवळपास सगळं सात मात्रांत आहे. नाशिकमध्ये तबल्याच्या क्लासला चार वर्षं घातलेलं पोरगं हे ऐकून लगेच म्हणतं, अरे हा तर रूपक, सात मात्रांचा ताल, ती ती ना धी ना धी ना, यात काय अवघड. अवघड आहे. रूपकात तीन-दोन-दोन असे विभाग पडतात आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' (टाळीऐवजी रिकाम्या हाताची जागा) येते, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुठे आहोत ते कळत राहतं. इथे खालचा ड्रम प्रत्येक मात्रेवर सारखाच पडतो, धप धप धप, विभाग दाखवतच नाही, आणि गिटारची चाल त्यावरून आपल्या आपण वाहत जाते. त्यामुळे रूपकाचा ठेका तसाच्या तसा लावला की मात्रा जुळतात पण गाणं लंगडतं, तबलेवाल्याने ठेका सोडून नुसता हलका दुगुनीचा भरणा ठेवला तर बरं बसतं. ढोल-ताशा पथकात हात बसलेल्या ड्रमरची अडचण वेगळी, त्याचा हात चारच्या चालीत इतका पक्का असतो की सातनंतर तो सवयीने आठव्या मात्रेची वाट बघतो आणि तोवर गाणं पुढे गेलेलं असतं. खरं तर सगळी गंमत तिथेच आहे. सतत एक मात्रा कमी पडत असल्यामुळे गाणं घाईत पुढे पुढे ढकललं जातं, निघायची घाई झालेल्या माणसासारखं, आणि ध्रुवपदाच्या शेवटी फक्त दोन आवर्तनं चारची येतात तेव्हा पाय जमिनीला लागतो. हे कागदावर मोजून केलंय असं ऐकताना अजिबात वाटत नाही, बऱ्याच लोकांना वर्षानुवर्षं कळतही नाही की आपण सातवर मान हलवतोय.

शब्दांत बँडचं नाव कुठेच नाही, कुणाला शिव्या नाहीत. रात्री एक माणूस टेकडीवर चढतो, खाली शहराचे दिवे, एक गरुड येतो आणि त्याला हाक ऐकू येते, सामान घे, तुला घरी न्यायला आलोय. आपल्याकडे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात, हे गाणं नेमकं तेच करायची तयारी ठेवण्याबद्दल आहे, असंच काहीसं गॅब्रिएलनेही सांगितलंय.

टेकडी खरी आहे. लिटल सॉल्सबरी हिल, सॉमरसेटमध्ये बाथ शहराजवळ बाथीस्टन गावाच्या वर, उंची साधारण १९० मीटर, माथा सपाट आणि त्यावर लोहयुगातल्या किल्ल्याच्या खुणा. नाशिककरांना समजायला सोपं जावं म्हणून पांडवलेणीचा डोंगर डोळ्यासमोर आणा, शहराला चिकटून, जुन्या काळच्या खुणा अंगावर, सकाळ-संध्याकाळ चढणारे लोक आणि अंधार पडला की खाली दिव्यांचा पसारा. हायवेही दोन्हीकडे आहे, इथे मुंबई-आग्रा, तिथे १९९४ मध्ये बाथीस्टन बायपासविरुद्ध टेकडीवर मोठं आंदोलन झालं तरी रस्ता झालाच.

याच प्रकारातली अजून दोन नावं सांगायला हवीत. ब्लॅक सॅबथ बँडने १९७९ मध्ये काढून टाकल्यावर गायक ऑझी ऑस्बॉर्नने १९८० मध्ये क्रेझी ट्रेन आणलं, आणि द स्मिथ्स हा बँड तुटल्यावर त्याचा गायक मॉरिसी याचं १९८८ चं स्वेडहेड ब्रिटनमध्ये ५ वर गेलं. फिल कॉलिन्सने तर बँड न सोडताच १९८१ मध्ये सोलो सिंगल काढून २ नंबर गाठला, म्हणजे तोही रस्ता होता.

पुढे हे गाणं सिनेमांत आणि ट्रेलरमध्ये इतकं वापरलं गेलं की २००५ मध्ये कुणीतरी द शायनिंग या भयपटाचा गोडगोड कौटुंबिक ट्रेलर गमतीत बनवला त्यातही हेच टाकलं, आणि ते भयंकर फिट बसलं. गॅब्रिएलचं स्लेजहॅमर १९८६ मध्ये अमेरिकेत १ नंबरवर गेलं तेव्हा तिथून खाली आलेलं गाणं जेनेसिसचं होतं, हाही योगायोग बघा.

दुश्मनी मात्र राहिली नाही. १९८२ मध्ये गॅब्रिएलने वोमॅड हा जगभरच्या संगीताचा फेस्टिव्हल सुरू केला, पहिल्याच वर्षी तो कर्जात बुडाला, आणि पैसे उभे करायला जेनेसिसचे जुने दोस्त २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्सच्या मैदानात भर पावसात त्याच्यासोबत एका शोपुरते उभे राहिले. त्या रात्री जुन्या गाण्यांच्या मधे सॉल्सबरी हिलही झालं, ज्यांना सोडून गेल्यावर लिहिलं त्यांनीच ते सात मात्रा मोजत वाजवलं.