खेळातली बंदूक आणि खरा हिंसाचार

मोबाईलवरच्या खेळात गोळ्या झाडणारी मुले पुढे खरोखरच हिंसक होतात, हा समज गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कित्येक पालकांच्या मनात घर करून आहे. २०१९ मध्ये राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी या गोळीबाराच्या मोबाईल खेळाला घराघरातला राक्षस म्हटले होते, परंतु त्यांचा रोख अभ्यासाकडे होणाऱ्या दुर्लक्षावर होता. २०२० मध्ये केंद्राने पबजीवर घातलेली बंदीही हिंसेमुळे नव्हे, तर देशाच्या आणि माहितीच्या सुरक्षेच्या कारणावरून आली.

या समजाचे मूळ प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत सापडते. खेळ संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला किती मोठा कर्कश आवाज ऐकवला किंवा त्याच्यासाठी किती तिखट सॉस वाढला, यावरून तिथे आक्रमकता मोजली जाई. तिखट सॉस वाढणारा उद्या सुरा उचलेल, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे हजार ब्रिटिश किशोरांचा अभ्यास केला, त्यांच्या वागणुकीबद्दल पालकांनाच विचारले, आणि त्यांना हिंसक खेळांचा आक्रमक वागणुकीशी संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये ओरडणे, ढकलणे यांच्याशी लहानसा संबंध मान्य केला, मात्र गंभीर हिंसेचे खापर खेळांवर फोडण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे स्पष्ट सांगितले.

हरल्यावर उशी आपटणाऱ्या मुलाला जरूर समज द्यावी. त्याच्यात भावी गुन्हेगार पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मारामारी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर घरातली मारहाण आणि शाळेतला छळ यांची चौकशी आधी व्हायला हवी.