वार्स-सावा वेगळे, वार्श वेगळा

पोलंडची राजधानी वॉर्सॉ, तिच्या नावाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. वार्स नावाचा कोळी, सावा नावाची जलपरी, दोघांचं जमलं, नावं जोडली, झालं शहर. गोड आहे, पुढे चला. (‘वॉर’ आणि ‘सॉ’वाले जोक करणाऱ्यांना तर उत्तरही देऊ नये.)

डोकं फिरतं ते पुढच्या घोळाने. कुणी म्हणालं की नाव वार्श नावाच्या माणसावरून पडलंय, की लगेच रिप्लाय, ‘तेच ना, वार्स म्हणजेच वार्श!’ नाही हो! इंग्रजी स्पेलिंगमध्ये हे दिसत नाही, पण आपल्याकडे स आणि श वेगळे आहेत, आपल्याला तरी दिसायला हवं. पोलिश लोक शहराला वार्शावा म्हणतात. वार्सला सावा जोडली तर स ला स मिळेल, श कुठून येणार? शब्द तुटतो तो वार्शनंतर, आणि उरलेलं ‘आवा’ म्हणजे कुणी बाई नाही, मालकी दाखवणारा प्रत्यय आहे. त्यातही तो मुळात ‘एवा’. जुन्या कागदांत गाव वार्शेवा असं सापडतं, म्हणजे वार्शचं गाव. पोलिशमध्ये कठोर व्यंजनानंतर ‘ओव’ लागायचा आणि मृदू व्यंजनानंतर ‘एव’ (इथे मृदू म्हणजे जीभ टाळूकडे उचलून केलेला उच्चार, आपल्या व्याकरणातलं मृदू नव्हे), श तेव्हा मृदू होता, म्हणून क्राक नावाच्या माणसाचं क्राकोव पण वार्शचं वार्शेवा. मग ए चा आ कसा झाला? तर माझोव्हियाच्या, म्हणजे वॉर्सॉच्या आसपासच्या प्रदेशाच्या, बोलीत लोक काही ठिकाणी आ चा ए करायचे, ते गावंढळ वाटायला लागलं, आणि शुद्ध बोलायच्या नादात जिथे मुळातच ए होता तिथेही आ घुसवला. म्हणजे ज्या सावावर अख्खी लव्हस्टोरी उभी आहे तिच्यातला पहिला आ हाच तो उशिरा घुसवलेला! वार्शेवा म्हणत होते तोवर सावा जन्मणार कुठून?

शहरात ‘वार्स’ आणि ‘सावा’ नावाची मोठी दुकानं होती, त्यावर माझी काही तक्रार नाही, दुकानाला गोष्टीतलं नाव द्यावंच.

बाकी वार्श हे वार्चिस्वाफसारख्या लांबलचक नावाचं छोटं रूप. आता काही शहाणे पुढे जाऊन सांगतात की तो राविच घराण्यातला अमुक सरदारच. असेलही, पण व्याकरणातून एवढंच निघतं की वार्श नावाच्या कुणाचं तरी ते गाव होतं, घराणं त्यातून निघत नाही.