आघातजन्य शॉकमधील खाटेवरची सोनोग्राफी

अपघातात किंवा अन्य गंभीर इजेत शॉकमध्ये गेलेल्या (म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त पोहोचेनासे झालेल्या) रुग्णाला शिरेतून द्रव द्यायचे की नाही, दिले तर कुठे थांबायचे, हे ठरवण्यासाठी त्याला न हलवता खाटेवरच केलेली सोनोग्राफी. नाडी आणि रक्तदाब एवढ्यावर हा निर्णय सोडता येत नाही. धडधाकट तरुणाचे जवळपास 30 टक्के रक्त जाईपर्यंत त्याचा रक्तदाब अनेकदा टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो.

पूर्वी अशा रुग्णाला सरसकट दोन लिटर सलाइन लावत. जादा सलाइनने रक्त पातळ होते, शरीर थंड पडते, आम्लता वाढते आणि रक्त गोठेनासे होते. अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये झालेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धडावर भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपर्यंत द्रव न दिल्यास 70 टक्के वाचले, लगेच दिल्यास 62 टक्के. गंभीर जखमींवरील उपचारांच्या डॉक्टरांसाठीच्या ‘एटीएलएस’ प्रशिक्षणाच्या 2018 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी सुरुवातीचे प्रमाण एक लिटर आहे. त्याने भागले नाही तर रक्त द्यायचे.

पहिली पायरी ‘फास्ट’ तपासणीची, म्हणजे शरीराच्या आत रक्त साचले आहे का हे झटपट पाहण्याची. यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेभोवतालचा भाग, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचे आवरण या चार ठिकाणी साचलेले रक्त काळे दिसते. रक्त थोडे असेल, किंवा पोटाच्या मागच्या बाजूला झिरपत असेल, तर ते निसटते. म्हणून ‘फास्ट’ कोरी आली तरी निर्धास्त होऊ नये.

त्यानंतर अधोमहानीला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, पाहतात. ती हृदयाला मिळते त्या जागेच्या साधारण दोन सेंटिमीटर खाली तिची रुंदी मोजतात. श्वास घेताना ती निम्म्याहून अधिक मिटत असेल आणि मुळातच अरुंद असेल, तर शरीरातले रक्त कमी पडल्याची शक्यता बळावते. या एका आकड्यावर मात्र गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली जाते. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर श्वासाबरोबरचा बदल उलटा होतो. पोटातला दाब वाढला असेल तर रक्त पुरेसे असतानाही शीर दबलेली दिसते.

रक्तदाब खाली आणि ही शीर फुगलेली, असे दिसले की द्रव देताना हात आखडता घ्यावा. हृदयाभोवती रक्त साचून त्याला आवळत असेल, तर खरा उपाय ते रक्त बाहेर काढणे हा आहे. छातीत हवा कोंडली असेल तर फुप्फुसाचे सरकणे पडद्यावर दिसत नाही; तिथे सुई किंवा नळी घालून हवा मोकळी करावी लागते. ही लक्षणे उघड असतील तर सोनोग्राफीसाठीही थांबू नये. द्रव चालू असताना फुप्फुसात उभ्या पांढऱ्या रेषा नव्याने वाढू लागल्या, तर तिथे पाणी साचत असल्याची शंका घेऊन ओघ कमी करतात. फुप्फुसाला मार लागला असेल तरी तशाच रेषा दिसतात, म्हणून पहिल्याच तपासणीत त्यांची नोंद करून ठेवावी. एकदा पाहून भागत नाही. प्रत्येक बाटलीनंतर प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) पुन्हा लावावा लागतो.

भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (1994) सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि हातात नेता येणारे यंत्र मुख्यतः नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरता येते.