रिकॉम्बिनंट ह्युमन असिटिलकोलिनएस्टरेज

हे माणसाच्या शरीरात असतं तेच एन्झाइम, फक्त रक्तातून न काढता त्याचा जीन दुसऱ्या पेशींमध्ये टाकून बनवून घेतलेलं, आणि संशोधनासाठी छोट्या वायलमध्ये मिळणारं. लॅबमध्ये एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे एसीएचईच म्हणतात. खान्देशात ते आपल्या जिव्हाळ्याचं आहे ते कपाशीमुळे. जळगाव-धुळ्याकडे फवारणीच्या दिवसात पाठीवर पंप घेऊन उभ्या कपाशीत फिरणाऱ्याला "औषध लागतं", घाम फुटतो, मळमळतं, लाळ गळते, डोळ्याची बाहुली पार बारीक होते, आणि औषध ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर त्याने अंगातलं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडलेलं असतं.

नस स्नायूला निरोप देते तो असिटिलकोलिन नावाचं रसायन सोडून, आणि निरोप पोचला की ते लगेच तोडायचं काम एसीएचईचं, एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. ते थांबलं की निरोप संपतच नाही, स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी श्वास अडकतो.

पूर्वी हे एन्झाइम इलेक्ट्रिक ईल माशापासून किंवा रक्ताच्या लाल पेशींमधून काढायचे, अजूनही काढतात, ईलचं स्वस्त पडतं. पण माशाच्या एन्झाइमवर चाललेलं रसायन माणसाच्या एन्झाइमवर तसंच चालेल असं नाही, म्हणून ह्युमन लागतं. त्यावर साखरेच्या साखळ्या चढलेल्या असतात, बॅक्टेरिया त्या तशा चढवत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा एचईके २९३ सारख्या माणसाच्या पेशी वापरतात. माल मायक्रोग्रॅममध्ये येतो, त्याची ताकद मात्र युनिटमध्ये मोजतात. १ युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल असिटिलकोलिन तोडायची ताकद.

तपासायची पद्धत एलमन या शास्त्रज्ञाची, १९६१ ची, आणि आजही तीच चालते. असिटिलकोलिनसारखंच असिटिलथायोकोलिन द्यायचं, एन्झाइमने ते तोडलं की सुटणारा भाग डीटीएनबी नावाच्या रसायनाशी जुळतो आणि पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये हे डोळ्याने दिसतं, एक रांग बघता बघता हळदीसारखी पिवळी होते आणि शेजारची, जिच्यात कीटकनाशक आहे, ती फिकटच राहते. नवीन पोरं इथे हमखास फसतात, क्लोरपायरीफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट सरळ टाकतात आणि रंग छान येतो, मग वाटतं औषध निरुपद्रवी आहे. तसं अजिबात नाही, ते अंगात गेल्यावर लिव्हर त्याचं ऑक्सॉन, म्हणजे त्याचंच बदललेलं रूप, बनवतं आणि खरा घाव ऑक्सॉनचा असतो, म्हणून प्लेटमध्येही ऑक्सॉनच टाकावं लागतं. मोनोक्रोटोफॉस या दुसऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेटला हा फेरा लागत नाही, ते थेट चिकटतं.

साठवणीत हयगय नको. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पार्सल आलं की आधी त्यातला बर्फ शिल्लक आहे का ते बघायचं आणि मग सही करायची. आल्या आल्या छोटे छोटे भाग करून डीप फ्रीजरमध्ये टाकायचे, कारण परत परत वितळवलं-गोठवलं की ताकद उतरते. फार पातळ केलं तर प्लास्टिकला चिकटून बसतं, म्हणून थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) घालतात.

पेशंटला द्यायला हे नाही, ते लेबलवरच लिहिलेलं असतं. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात आणि डॉक्टरांना गरज वाटली तर प्रॅलिडॉक्सिम. यातलं प्रॅलिडॉक्सिम एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवतं, पण वेळेत दिलं तरच, उशीर झाला की विष कायमचं घट्ट बसतं, त्याला एजिंग म्हणतात. किती वेळात घट्ट बसेल ते औषधागणिक वेगळं, आणि ते मोजायलाही हेच एन्झाइम लागतं: फिकट पडलेल्या वेलमध्ये प्रॅलिडॉक्सिम टाकायचं आणि पिवळा रंग किती परत येतो ते बघत बसायचं.